अदिलेडीची घंटा

१४ मे १९९७

सकाळपासून तीन भांडणं ऐकली. तिन्हींत कोण खरं बोलतंय ते कळलं नाही. बकरी कुणाची, वाट कुणाची, आणि एका जाळ्याला भोक कुणी पाडलं. वायसन कसा निभावत होता देव जाणे. भाऊ म्हणून तो मला नेहमी आळशी वाटायचा. आता कळतंय, दिवसभर त्या खुर्चीत बसून राहिल्यावर माणूस संध्याकाळी आळशीच दिसतो.

इस्टरच्या आधी तो गेला आणि वडीलधाऱ्यांनी मला चिसांजेची फुमू केलं. मुखिया म्हणवून घ्यायची हौस मला कधीच नव्हती. मुझुझूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून काढली, निवृत्त होऊन सरोवराकाठी शांत बसायला आले होते. पण आमच्यात मामाची खुर्ची भाच्याला मिळते, आणि वायसनचा भाचा म्हणजे माझा मुलगा जोनीला आहे. जोहान्सबर्गला, खाणीत. तो येईपर्यंत आईने खुर्ची धरून ठेवायची असं ठरलं. म्हणजे मी फुमू नाही, फुमूची जागा राखणारी बाई आहे. बसमध्ये पिशवी ठेवतात तशी.

गुडघे दुखतात. दाढही.

१८ मे, रविवार

आज चर्चची घंटा वाजलीच नाही. म्हणजे वाजवली, पण वाजली नाही. दोर ओढला की नुसतं धप् धप्, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं. पाळक सिंगिनी बाहेर आले, वर पाहिलं, तर घंटेच्या लोळ्याला कुणीतरी चितेंजे गुंडाळून करकचून बांधलेलं. निळं, कोंबड्यांचं चित्र असलेलं. असं चितेंजे गावात एकीच्याच कमरेला असतं. न्यालोंगवे वहिनी. एकोणसत्तरीची बाई शिडी लावून घंटा टांगलेल्या आंब्यावर चढली!

वडीलमंडळी संतापली. ही घंटा अदिलेडी बोटीची, म्हणजे आमच्या किनाऱ्याचं एकमेव वैभव. पितळेवर बोटीचं इंग्रजी नाव आहे, पण ते तसं कुणी म्हणत नाही. उतारू घेऊन जाणारी ती आगबोट मी नऊ वर्षांची असताना आमच्या टोकाच्या खडकावर आदळली. नाळ खडकात अडकली आणि मागचा भाग माणसांसकट पाण्यात गेला. आजोबांच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी होड्या नेऊन नाळेवरची घंटा तेवढी सोडवली. नंतर नाळही घसरली. आमच्या इथे काठापासून चार वल्ह्यांवर तळ नाही. जे खाली गेलं ते वर आलं नाही. एकसुद्धा नाही.

मंगळवारी वहिनीला बोलावलंय.

२० मे

पंचायत भरली. वडाखाली इतकी गर्दी वायसनच्या वेळीही पाहिली नव्हती. म्हातारीला शिक्षा होणार म्हटल्यावर लोक होड्या सोडून आले.

मी विचारलं, "वहिनी, घंटेला चितेंजे तुम्ही बांधलंत?"

"मीच. दुसऱ्या कुणाला त्या शिडीवर चढायची हिंमत आहे? मोडकी आहे ती. पाळकांना सांगा, दुरुस्त करा."

लोक हसले. माझा कारभारी आमोन हसला नाही, त्याला दात नाहीत म्हणून तो सभेत हसत नाही. त्याने विचारलं, "पण कशासाठी, बाई?"

"गप्प बसावी म्हणून. पन्नास वर्षं बडबडतेय. एक रविवार गप्प बसली तर देव काही उपाशी राहत नाही."

मग ती उठून उभी राहिली आणि थेट माझ्याकडे पाहून म्हणाली, "फुमू, ती घंटा मला द्या. मला ती पुरायची आहे. माझ्या नवऱ्याच्या जागी."

तिचा नवरा योराम म्होने अदिलेडीवर होता. दक्षिणेला मळ्यात कामाला गेलेला, घरी परत येत होता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. बोट बुडाल्यावर तिचा सासरा म्हणाला, कशावरून तो बोटीवर होता? आधीच्या बंदरात उतरला असेल. थांब. ती थांबली. प्रेत नाही म्हणून दफन नाही, दफन नाही म्हणून कुणी तिचं मुंडण केलं नाही, विधवेचं पाणी अंगावर घातलं नाही. सासरा मेला, सासू मेली, ही त्या घरात योरामची बायको म्हणून राहिली. तेव्हाही, आणि परवा कसावा विकायला बाजारात बसली तेव्हाही.

"मला उसिस्याला जायचंय," ती म्हणाली. "आईच्या गावी. मरायला. पण बायको नवऱ्याचं घर सोडून जात नाही, आणि विधवा मला कुणी करत नाही. एकदा पुरा त्याला. पेटीत काहीतरी वजनदार ठेवायला हवं ना? त्या बोटीतलं तेवढंच वर आलंय."

तिचा दीर हेझेकिया मागे उभा होता. तो ओरडला, "दादा गेला असं कोण म्हणतं? फुमू, हे चालणार नाही. वहिनी आमच्या घरची आहे."

आणि मग मी बोलले. काय झालं मला कळत नाही. मी म्हटलं, "प्रेत नाही, पाहणारा नाही, आणि तुम्ही माणसाला पुरायला निघालात? काय घाई आहे? माणसं कितीतरी वर्षांनी परत येतात. आपल्या माणसाला असं जमिनीत घालवतं तरी कसं तुम्हाला?"

आवाज चढला होता. झाडावरचे कावळे उडाले.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुझं बरोबर आहे, पोरी," आणि खाली बसली.

भर पंचायतीत पोरी म्हणाली, फुमू नाही. आमोनने खाकरून दाखवलं, मी तिकडे लक्ष दिलं नाही. शिडी न विचारता नेली म्हणून एक कोंबडी दंड केला आणि पंचायत संपवली.

२१ मे

वहिनीने दंडाची कोंबडी पाठवली. चांगली अंड्यावरची. मी परत पाठवली. तिने पुन्हा पाठवली. आता ती माझ्या अंगणात आहे आणि मला बघून पळते.

काल उगाच ओरडले. बहुतेक दाढेमुळे.

३ जून

येशायाचा जावई जोनीहून आला. पाव, रेडिओ, आणि नव्या बुटांचा आवाज. मी तिकडून जात होते म्हणून सहज डोकावले. सहजच विचारलं की कार्लटनव्हिलच्या खाणींच्या बाजूला आपल्याकडची कोण पोरं भेटतात. तो म्हणाला, "अमामा, जोनी फार मोठं आहे." गेल्या वेळी आलेलाही हेच म्हणाला होता. सगळ्यांना एकच वाक्य शिकवून पाठवतात की काय.

पोरगा तिकडे गेला त्याला नऊ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं फोन यायचे. मीच एक्स्चेंजमध्ये असायचे, म्हणजे माझाच मुलगा मला म्हणायचा, बाई, जरा चिसांजेच्या केझियाबाईंना जोडून द्या. मग हसायचा. पुढे खाण बदलली म्हणे. फोन करणं महाग पडतं, पोरांना वेळ नसतो, मला माहीत आहे. मी तीस वर्षं लोकांचे फोन जोडले, किती जणांचे लागत नाहीत ते मला कुणी सांगू नये.

त्याची खोली झाडली. या दिवसांत गादीला दमट वास येतो, ती उन्हात घातली.

५ जून

हेझेकिया आला होता. टोपी हातात, दारातच उभा. "फुमू, वहिनीला पुन्हा बोलू देऊ नका. तिने डोक्यात घेतलं तर ती करते."

मी म्हटलं, "तुझं काय जातंय? तू काय तिला बांधून ठेवणार आहेस?"

"दादाचं घर आहे. घरात बाई हवी."

याचं लग्न झालं नाही. का, ते आता कुणी विचारत नाही. तरुणपणी दोन मुली सांगून आल्या होत्या, दोन्ही वेळा हा मासेमारीला निघून गेला. रोज संध्याकाळी वहिनीच्या अंगणात जेवतो. हा मासे आणून ठेवतो, ती कसाव्याच्या कोंडोवोलेचं ताट ठेवते. दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवतात. आयतं जेवण जाईल या भीतीने म्हातारा कासावीस झालाय. पुरुषांचं पोट म्हणजे!

१२ जून

म्वेरा सुटलाय. हा दक्षिणेचा वारा दरवर्षी कुणाला तरी नेतो. यंदा वेडसनला नेलं, उसिपा मासे पकडायला गेलेला. त्याची होडी उलटी सापडली. घाटावर त्याची बायको लोनेस आणि तिच्याभोवती बायका. मी गेले, खुर्ची दिली, बसले. फुमूने बसायचं असतं. काय बोलायचं ते कुणी सांगितलेलं नाही.

१६ जून

वेडसन सापडला. दोन खाड्या पलीकडे, लव्हाळ्यांत. लोनेसला कळलं तेव्हा ती "देवा, उपकार झाले" म्हणाली. प्रेत मिळालं म्हणून उपकार! मी तिथून उठून घरी आले. दाढ काढून घ्यायला हवी.

१७ जून

वेडसनचं दफन. आज एक गोष्ट पाहिली, ती लिहून ठेवते.

अंगणात बायकांच्या दोन चटया असतात. एक विधवांची, लोनेसला मध्ये घेऊन. दुसरी ज्यांचे नवरे आहेत त्यांची. मी स्वतः विधवा, पण फुमू म्हणून खुर्चीवर, त्यामुळे मला दोन्ही दिसत होत्या. न्यालोंगवे वहिनी दोन्हींवर नव्हती. ती चुलीपाशी उभी होती, मोठ्या हंड्यात पळी फिरवत. बाजूला दोन तरण्या सुना रिकाम्या बसलेल्या, पळी घ्यायला कुणी उठत नव्हतं, जणू ते काम तिचंच. मला आठवायला लागलं. वायसनच्या दफनाला ती कुठे होती? चुलीपाशी. माझ्या आईच्या? चुलीपाशी. माझ्या नवऱ्याच्या वेळी मी मुंडण करून चटईवर बसले होते, तेव्हाही धुरातून तीच दिसत होती. मला वाटायचं, काय कामाची बाई आहे.

तिला बसायला जागाच नाही.

१८ जून

वहिनीकडे गेले. ती उखळात कसावा कुटत होती. माझ्यासाठी स्टूल काढलं, स्वतः उभीच.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही दफनाला चुलीपाशी का उभ्या राहता?"

"कुठे बसू ते तू सांग. तू फुमू आहेस."

ती कुटत राहिली. मग मी विचारलं, "योरामदादाचा चेहरा आठवतो?"

"चेहरा गेला. पोरी, मी रोज धरून ठेवला, तरी गेला. शिंक आठवते. इतक्या जोरात शिंकायचा की कोंबड्या पळायच्या. आणि सासूबाई आतून म्हणायच्या, अरे, मेला की काय!" ती हसली. चितेंजेच्या टोकाने घाम पुसला. "मला त्याचा राग नाही. घंटेचाही नाही. दर रविवारी ती वाजते आणि माझं मन घाटाकडे धावतं. पाय तर कधीच थकले, पण मन धावतं. ते मला आता झेपत नाही."

मी उखळाबाहेर उडालेले तुकडे वेचून परत टाकले.

"तुझ्या मुलाला किती वर्षं झाली?" तिने विचारलं.

"तो कामात असतो," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली आणि मुसळ उचललं.

येताना हेझेकिया वाटेत भेटला. दोन चांबो मासे दोरीला लटकवून अंगणाकडे चाललेला. आज नजर दिली नाही.

२२ जून, रविवार

उपासनेनंतर पाळक सिंगिनींना सांगितलं, घंटा पुरायची. मी ठरवलंय.

ते वहाणा घालता घालता थांबले. "पितळेवर अंत्यविधी? मी वरच्यांना काय सांगू?"

"सांगा की चिसांजेची फुमू हट्टी आहे."

"घंटा चर्चची आहे, फुमू."

"आंबा माझा आहे, पाळकसाहेब. माझ्या आजोबांनी लावला, आजोबांच्या माणसांनी घंटा आणली. मी आंबा तोडला तर तुम्ही घंटा कुठे बांधणार?"

"म्हणजे तुम्ही मला धमकी देताय."

"हो," मी म्हटलं. खरंच थकले होते, फिरवून बोलायची ताकद नव्हती.

ते पायरीवर बसले. चाळिशीचा माणूस, पण आज म्हातारा दिसला. म्हणाले, "ती बाई माझ्या प्रत्येक प्रार्थनेला येते. मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटायचं तिला संधिवात आहे म्हणून ती मागे उभी राहते." मग म्हणाले, "मी येईन. वाचेन की नाही ते सांगत नाही. पण येईन."

२५ जून

आमोन चहाला आला. साखर पाच चमचे, मग विषय.

"फुमू, एक विचारू? रागावू नका. घंटा पुरलीत की लोकांना पुढचा प्रश्न सुचेल."

"कोणता?"

"प्रेत नसताना योराम गेला असं फुमूने मानलं. मग... गावाला पुढचं बघायला लागेल ना कधीतरी. तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आहे. शहाणा आहे. मी काही म्हणत नाही. खुर्चीबद्दल म्हणतो."

"खुर्ची ज्याची आहे तो आला की त्याला देईन."

"ते तर आहेच," आमोन म्हणाला. आणि चहा असा आवाज करत प्यायला की पुढे काही बोलता येऊ नये.

तो गेल्यावर विचार केला. दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? योराम बोटीवर होता, बोट बुडाली. इथे कसली बोट बुडाली आहे? काहीच नाही. आमोनचं डोकं आता चालत नाही.

तरी घंटेबद्दल शब्द फिरवला नाही. फिरवावासा वाटला, ते इथे लिहिते. दोनदा आमोनच्या घरापर्यंत गेले आणि परत आले.

५ जुलै, शनिवार

झालं एकदाचं. आज नाही लिहिलं तर राहील.

मी घरच्यांपुरतं ठरवलं होतं. म्होनेंचं घर, वडीलमंडळी, थोडा कोंडोवोले, एक बकरा. सकाळी घाटावर गेले तर किनारा होड्यांनी भरलेला. उत्तरेच्या खाडीतून, दक्षिणेच्या खाडीतून, कुठून कुठून. कुणी सांगितलं त्यांना? कुणीच नाही आणि सगळ्यांनी. प्रत्येकाचं कुणीतरी अदिलेडीवर होतं. कुणाची आई, कुणाचा काका, एका म्हाताऱ्याची जुळी बहीण. म्हातारी माणसं नातवंडांच्या पाठीवर बसून उतरली. कुणी रडत नव्हतं. उशीर झालेल्या लग्नाला आल्यासारखे संकोचून उभे होते.

घंटा काल दुपारीच काढली होती. लोळा तिच्या त्याच निळ्या चितेंजेने बांधलेला. खाली आल्यावर ती किती लहान दिसली! घागरीएवढीसुद्धा नाही. मी आमोनला म्हटलं, साबणाचं खोकं पुरेल.

खड्डा तयार होता, पण हेझेकियाचा पत्ता नव्हता. घरचा कर्ता पुरुष तोच, त्याच्याशिवाय सुरुवात होईना. मला आतून चीड आली होती. म्हटलं, जेवण जाणार म्हणून रुसून बसला असेल. तेवढ्यात वाटेवर तो दिसला, तो आणि तीन माणसं, खांद्यावर पेटी घेऊन. स्वतःची होडी फोडून फळ्या काढल्या होत्या. डांबराचे काळे पट्टे तसेच. आणि पेटी लांब, माणसाच्या लांबीची. माणसापेक्षाही जास्त.

आमोन कुजबुजला, "अरे, घंटा एवढीशी. एवढी लांब कशाला केलीस?"

हेझेकिया म्हणाला, "दादा उंच होता."

आमोनने पुढे होऊन पेटीला हात दिला.

घंटा डोक्याच्या बाजूला ठेवली. बाकीची जागा रिकामी राहिली, मग लोक पुढे आले. एकीने शाल घातली. एकाने वल्ह्याचं पातं. जुळ्या बहिणीच्या भावाने स्वतःच्या हातातली काठी ठेवली आणि नातवाचा खांदा धरून मागे गेला. पेटी भरली.

बायकांनी वहिनीला आत नेऊन मुंडण केलं. बाहेर आली तेव्हा मी ओळखलं नाही. लहानखुरं डोकं, कान मोठे, एखाद्या मुलीसारखी. ती विधवांच्या चटईपाशी आली आणि उभी राहिली. उभं राहायचीच सवय. मग लोनेस, जिचं स्वतःचं दुःख अजून ओलं आहे, ती सरकली. तिच्या पलीकडची सरकली. सगळी चटई सरकली. मधे जागा झाली आणि वहिनी तिथे बसली. बसली आणि तोंडातून असा आवाज निघाला की मला माझ्या खुर्चीचे हात धरावे लागले. तिच्या वयाच्या बाईचा तो आवाज नव्हता. अठराव्या वर्षी जो निघायला हवा होता, तो होता.

पाळकांनी वाचलं. साधा सदरा घालून आले होते, पण पुस्तक काखेत होतं, आणि वाचलं. पेटी सोडताना घंटा आत घरंगळली, एक टोक खाली गेलं, चौघांनी दोर आवळून सावरलं. आवाज आला नाही.

माती पडल्यावर लोक एकेक करून कडेला येऊन आपापल्या माणसाचं नाव घ्यायला लागले. ठरलेलं नव्हतं. नाव घ्यायचं, मूठभर माती टाकायची, बाजूला व्हायचं. बराच वेळ चाललं. शेवटी रांग संपली आणि मग सगळे थांबले. का थांबले कळेना. आमोन माझ्याकडे बघत होता. पाळक पुस्तकात बघत होते. मी म्हटलं, "चला, जेवण थंड होतंय," आणि हंडे बघायला गेले. कुणीतरी बघायला हवंच होतं. आज चुलीपाशी कुणी नव्हतं.

६ जुलै, रविवार

घंटा नाही. पाळकांनी कुणाच्या तरी ट्रकच्या चाकाची लोखंडी कडी टांगली आणि दगडाने वाजवली. आवाज वाईट आहे. कुत्रे भुंकले. वडीलमंडळी माझ्याशी बोलत नाहीत, याचा फायदा असा की दुपारी झोप मिळाली.

१६ जुलै

हेझेकिया आला, पुन्हा टोपी हातात. वाटलं, आता तक्रार. पण म्हणाला, "फुमू, उसिस्याला जाणारी बोट शनिवारी जाते ना?"

"जाते. वहिनी शनिवारीच निघतेय."

"ते माहीत आहे. परत कधी येते?"

"मंगळवारी. का?"

"आणि मग पुन्हा शनिवारी जाते."

"जातेच. दर शनिवारी जाते. तुला काय करायचंय? तू अदिलेडी बुडाल्यापासून कधी मोठ्या बोटीवर पाय ठेवला नाहीस."

"काही नाही. विचारून ठेवलं." वाटेपर्यंत गेला, परत आला. "तिकडे मासे मिळतात का चांगले?"

"उसिस्या सरोवरावरच आहे, हेझेकिया."

"हो. तेही आहे."

होडी फोडून टाकली, आता दुसरा काहीतरी धंदा शोधत असेल. त्या वयात!

१९ जुलै, शनिवार

वहिनीला पोचवायला घाटावर गेले. एक गाठोडं, एक उखळ. उखळ मी नको म्हटलं, उसिस्यात काय उखळं नाहीत? ती म्हणाली, माझ्या हाताचं नाही. हेझेकियाने ते खांद्यावर घेऊन पाण्यातून मचव्यापर्यंत नेलं, छातीपर्यंत भिजला. उखळ ठेवलं, गाठोडं ठेवलं, तिचा हात धरून तिला वर चढवलं. हात सोडायला जरा वेळ लागला, मचवा हलत होता.

बोट खोल पाण्यात उभी होती, इंजिन चालू. मचव्यावरून ती चढली आणि कठड्याला येऊन उभी राहिली. लोक हात हलवत होते. वारा होता, इंजिनाची घरघर होती. मीही हात हलवला आणि वळणार होते.

तिने हाक मारली. "केझिया!"

मी काठावर गेले. वहाणा भिजल्या.

"तुझ्या मुलाचं नाव काय?" ती ओरडली. "एवढ्या दिवसांत तू मला सांगितलंच नाहीस."

लहानपणी त्याला तिने खेळवलंय. तिच्या अंगणात तो पेरू चोरायचा. मला वाटलं म्हातारी विसरली, वय झालं. बोट निघत होती. मी नाव सांगितलं.

तिने कानामागे हात धरला. "काय?"

"लुसुंगू!"

"ऐकू येत नाही!"

मी पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मग त्याच्याही वर. आणि सगळा जोर लावून ओरडले, "लुसुंगू! लुसुंगू!" घाटावरचे सगळे वळून बघायला लागले. आमोन, लोनेस, पाळक, उसिपा वाळवणाऱ्या बायका. समोरच्या टेकडीवरून ते नाव परत आलं. मी आणखी एकदा ओरडले. तेव्हा बोट इतकी लांब गेली होती की ती ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

तिने हात वर केला. ऐकलं म्हणून की निरोपाचा, माहीत नाही.

मी वळले. लोनेसने चितेंजे सोडून माझ्या खांद्यावर टाकलं, मी ओली होते म्हणून. त्या बायकांनी, उसिपाच्या जाळीपाशी बसलेल्या, सरकून जागा केली. मी बसले.

घसा पार बसलाय. दाढ मात्र आज दुखली नाही.